जमालीचे अंथरूण: चालू क्रिया भूतकाळात सांगता येते का?

जी क्रिया अजून चालू आहे ती ‘झाली’ असे म्हणता येते का, हा प्रश्न जैन आगमांतील पाचव्या अंगाच्या, म्हणजे भगवतीसूत्राच्या, अगदी आरंभी येतो. इंद्रभूती गौतम महावीरांपुढे एकापाठोपाठ एक नऊ जोड्या ठेवतात. चळू लागलेले कर्म चळले म्हणावे काय? भोगले जात असलेले भोगले म्हणावे काय? छेदले जात असलेले छेदले, जळत असलेले जळले, मरत असलेले मेले, आणि शेवटी झडत असलेले झडले, असे म्हणावे काय? महावीरांचे उत्तर ‘होय’ असे आहे. पुढे हा सिद्धांत ‘क्रियमाण ते कृत’ या नावाने ओळखला जाऊ लागला. वरवर पाहता हा क्रियापदाच्या रूपाचा किरकोळ मुद्दा वाटतो. परंतु श्वेतांबर परंपरा सांगते की महावीरांच्या हयातीतच संघात जी पहिली फूट पडली ती याच मुद्द्यावरून.

या प्रश्नाचा जयपूरशी जुना संबंध आहे. श्वेतांबर तेरापंथाचे चौथे आचार्य जीतमलजी, म्हणजेच जयाचार्य, यांची बालवयात दीक्षा जयपुरात झाली आणि १८८१ मध्ये त्यांचा देहान्तही तेथेच झाला. अर्धमागधीतील भगवतीसूत्र त्यांनी राजस्थानी पद्यात, लोकांच्या ओठांवरच्या चालींवर बांधून उतरवले. ‘भगवती री जोड’ हा त्यांचा ग्रंथ राजस्थानीतील सर्वांत विस्तृत रचनांपैकी एक गणला जातो. याच शहरातल्या दिगंबर पंडितांनी त्याआधी दोन पिढ्या संस्कृत-प्राकृत तत्त्वग्रंथ ढूंढाडी बोलीत आणले होते. श्वेतांबर तेरापंथ आणि जयपूरच्या दिगंबरांमधील तेरापंथ यांचे नाव एक असले तरी परंपरा वेगळ्या आहेत, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. बाहेरचा वाचक हमखास येथे फसतो.

फुटीची कथा भगवतीसूत्राच्या नवव्या ‘शतका’त, म्हणजे नवव्या प्रकरणात, आहे. जमाली हा क्षत्रियकुमार पाचशे जणांसह दीक्षा घेतो. नंतरची परंपरा त्याला महावीरांचा भाचा आणि जावई मानते. महावीरांचा विवाह न मानणारे दिगंबर अर्थातच हे नाते मानत नाहीत. पुढे जमाली गुरूची स्पष्ट अनुमती नसतानाच आपल्या साधूंना घेऊन वेगळा विहार करू लागतो. रूक्ष आणि अवेळी मिळणाऱ्या अन्नाने त्याला श्रावस्तीत पित्तज्वर जडतो. बसवेना, म्हणून तो साधूंना अंथरूण घालायला सांगतो. वेदना इतकी की थोड्याच वेळात तो पुन्हा विचारतो, अंथरूण घातले की घालता आहात? साधू उत्तर देतात, अजून घातलेले नाही, घालतो आहोत.

तापाने फणफणलेल्या त्या माणसाच्या मनात तिथल्या तिथे एक विचार येतो. महावीर म्हणतात, केले जात असलेले केलेच असते. पण हे अंथरूण तर डोळ्यांदेखत घातले जात आहे आणि घातलेले नाही. त्यावर निजता येत नाही. तेव्हा महावीरांचे म्हणणे खोटे आहे. काही साधूंना हे पटते, काहींना पटत नाही आणि ते महावीरांकडे परत जातात. जमालीचे मत ‘बहुरत’ म्हणून ओळखले जाते: कार्य एका क्षणात होत नाही, अनेक क्षण लागून पुरे होते, आणि पुरे होईपर्यंत ते झालेले नसते. श्वेतांबर परंपरा ज्या सात जणांना निह्नव, म्हणजे सत्य दडवणारे, म्हणते त्यांत जमालीचा क्रम पहिला आहे.

सामान्य समजुतीने पाहिले तर जमालीचे बरोबर आहे, आणि हे आधीच मान्य करून टाकलेले बरे. अर्धे अंथरूण हे अंथरूण नव्हे. आजाऱ्याला तर नव्हेच. मग त्याला खोडून काढण्यासाठी परंपरेने दिलेली उत्तरे कोणती?

पहिले उत्तर कथेच्या रूपात आहे. जमालीची पत्नी प्रियदर्शना हीही हजार साध्वींसह त्याच्या मताची झालेली असते. श्रावस्तीत ती ढंक नावाच्या कुंभाराच्या जागेत उतरते. ढंक महावीरांचा श्रावक. आवा चालू असताना तो एक निखारा तिच्या वस्त्राच्या टोकावर पडू देतो. कापड धुमसू लागते. ती म्हणते, अरे, माझे वस्त्र जळले! ढंक म्हणतो, जळले कसे? तुमच्या मताप्रमाणे जळत असलेले जळलेले नसते; अजून तर फक्त पदर पेटला आहे. प्रियदर्शनेला आपल्या तोंडून निघालेले भूतकाळी क्रियापद ऐकू येते आणि ती परत फिरते. वादात हरवण्यासाठी ढंकाने एकही प्रमाण दिले नाही. तिच्या रोजच्या बोलण्यातले एक रूप फक्त तिच्यापुढे धरले.

दुसरे उत्तर तर्काचे आहे आणि ते जिनभद्रगणींच्या विशेषावश्यकभाष्यात सापडते. हे भाष्य प्राकृतात आहे आणि साधारण सहाव्या-सातव्या शतकातले आहे. त्याचा युक्तिवाद असा: पहिल्या क्षणी काहीच केले गेले नसेल, दुसऱ्याही क्षणी नसेल, तर शेवटच्या क्षणी ते एकदम कोठून येणार? प्रत्येक क्षणाची क्रिया जर निष्फळ, तर निष्फळ क्रियांची रास घालून फळ मिळणार नाही. जमाली यावर म्हणेल, घडा तर उशिरानेच दिसतो. भाष्यकाराचे उत्तर धारदार आहे. कुंभार माती मळतो तेव्हा घडा करत नसतो, मळलेला गोळा करत असतो, आणि तो गोळा त्या त्या क्षणी होतच असतो. मग चाकावर एकामागून एक आकार येतात. प्रत्येकाची क्रिया वेगळी, प्रत्येकाचे कार्य त्याच क्षणी झालेले. घडा ज्या क्षणी केला जातो त्याच क्षणी झालेला असतो. लोक मात्र या सगळ्या कामांना मिळून ‘घडा करणे’ हे एकच नाव देतात आणि मग घडा व्हायला इतका वेळ का लागला, असे विचारतात. अंथरुणाचेही तेच. जेवढ्या जागेवर घातले गेले तेवढ्या जागेवर ते घातलेलेच आहे.

म्हणजे भांडण काळाबद्दल कमी आणि क्रियेची हद्द कोठे आखायची याबद्दल जास्त आहे. ही हद्द भाषा कशी आखते हे पाहण्यासाठी इंग्रजीतील अगदी साधी वाक्ये उपयोगी पडतात. कारण तेथे हे काम भूतकाळी क्रियापद आणि त्यामागून येणारे शब्दयोगी अव्यय मिळून उघड्यावर करतात. जयपूरच्या सांगानेरी दरवाजातून रामनिवास बागेकडे निघालेल्या माणसाबद्दल दोन वाक्ये घेता येतील. ‘ही वॉज वॉकिंग इन द पार्क’: तो बागेत चालत होता. ‘ही वॉज वॉकिंग टू द पार्क’: तो बागेकडे चालत निघाला होता. दोन्ही वेळा वाटेत त्याला कोणी थांबवले असे समजू. पहिल्या प्रसंगी ‘ही वॉक्ड इन द पार्क’, तो बागेत चालला, हे बिनदिक्कत म्हणता येते. दोन पावले टाकली असली तरी चालला हे खरेच. दुसऱ्या प्रसंगी ‘ही वॉक्ड टू द पार्क’ म्हणता येत नाही, कारण तो बागेत पोचलाच नाही. क्रियापद तेच, काळ तोच. फक्त ‘इन’च्या जागी ‘टू’ आला आणि महावीरांचे सूत्र खरे होते तेथे जमालीचा आक्षेप खरा झाला.

कालावधी सांगतानाही हाच भेद दिसतो. ‘ही वॉक्ड फॉर ॲन अवर’ हे शेवट नसलेल्या क्रियेचे वाक्य. ‘ही वॉक्ड टू द स्टेशन इन ॲन अवर’ हे शेवट गाठलेल्या क्रियेचे. ‘फॉर’ वेळ भरून काढतो, ‘इन’ वेळ संपवतो. मराठीत ‘तासभर चालला’ आणि ‘तासाभरात पोचला’ यांतले अंतर हेच आहे. ते एका ‘त’ प्रत्ययावर उभे आहे. उलट काही इंग्रजी क्रियापदे शेवट पोटातच घेऊन येतात आणि त्यांना अव्यय सोसत नाही. ‘रीच्ड जयपूर’ म्हणतात, ‘रीच्ड टू जयपूर’ म्हणत नाहीत. मराठी बोलणारा शिकाऊ तेथे ‘टू’ घालतो, कारण त्याच्या भाषेत जयपूर‘ला’ पोचावे लागते. ‘अराइव्ह’ला मात्र अव्यय हवे, आणि तेही ठिकाण पाहून: शहर असेल तर ‘इन’, स्थानक असेल तर ‘ॲट’. ‘इन’ म्हटले की ठिकाणाला पोट येते, ‘ॲट’ म्हटले की ते नुसता बिंदू होते.

हे लक्षात येणारा पहिला माणूस इंग्रज नव्हता. ॲरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’च्या थीटा या भागात म्हटले आहे की माणूस पाहतो तेव्हाच त्याने पाहिलेले असते, विचार करतो तेव्हाच विचार केलेला असतो, पण घर बांधतो तेव्हाच घर बांधलेले नसते. १९५७ मध्ये झेनो वेंडलर या तत्त्वज्ञाने ‘व्हर्ब्ज अँड टाइम्स’ या लेखात क्रियापदांची याच धर्तीवर चार गटांत विभागणी केली. त्या मोजपट्टीने जमालीचा वाद लावला तर निकाल असा लागतो: जळणे, झडणे, चळणे यांना ठरावीक शेवट लागत नाही, म्हणून थोडे जळले तरी जळले. अंथरूण घालणे याला शेवट आहे: पूर्ण अंथरूण. ढंकाने प्रियदर्शनेला जिंकले ते जळण्याच्या उदाहरणावर. अंथरुणाच्या उदाहरणावर तो जिंकला नसता. आणि वस्त्र जळून राख झाले का, असे तिने उलट विचारले असते तर ढंकाची पंचाईत झाली असती.

भारतीय वैयाकरणांनाही ही अडचण ठाऊक होती. पाणिनीने भूतकाळाचे तीन लकार सांगितले. सामान्य भूताला लुङ्, आजच्या दिवसाबाहेरच्या भूताला लङ् आणि बोलणाऱ्याच्या नजरेआडच्या भूताला लिट्. ‘नजरेआड’ ही अट तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मोठी चमत्कारिक आहे, कारण तीत काळाबरोबर बोलणाऱ्याचे ज्ञानही मोजले जाते. लोकांना माहीत असलेली, बोलणाऱ्याला पाहता आली असती अशी घटना असेल तर नजरेआड असूनही लङ् वापरावा, अशी पुस्ती वार्तिककाराने जोडली. तिचे उदाहरण म्हणून पतंजलीने यवनाने साकेत वेढले आणि मध्यमिका वेढली ही वाक्ये दिली. मध्यमिका म्हणजे चितोडजवळची आजची नगरी. पतंजलीचा काळ ठरवताना इतिहासकार जी वाक्ये पुढे करतात ती भूतकाळाच्या एका अपवादाची उदाहरणे आहेत.

चालू क्रियेबद्दल पाणिनीच्या ३.४.७१ या सूत्रात सोय आहे. एरवी भूतकाळ दाखवणारा ‘क्त’ प्रत्यय क्रियेच्या आरंभालाही लागतो. त्यावरचे ठरलेले उदाहरण देवदत्ताच्या चटईचे आहे: तो चटई विणायला बसला, पहिल्या काड्या आडव्या-उभ्या झाल्या, आणि तेवढ्यावर भूतकाळी रूप वापरता आले. चटई आणि अंथरूण! जमालीच्या साधूंनी व्याकरण वाचले असते तर कदाचित फूट पडली नसती, असे गमतीने म्हणता येईल. दुसऱ्या बाजूला, वर्तमानकाळ मुळात आहे का, अशी शंका घेणाऱ्यांचेही मत पतंजली नोंदवतो. त्यांच्या मते चाक फिरत नाही, बाण सुटत नाही, नद्या समुद्राकडे वाहत नाहीत. जे गेले ते गेले, जे जायचे ते जायचे आहे, मध्ये ‘जात आहे’ असे काही उरत नाही. हीच कात्री नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या दुसऱ्या प्रकरणात शेवटपर्यंत चालवली. गेलेल्या वाटेवर जाणे होत नाही, न गेलेल्या वाटेवरही होत नाही, आणि या दोहोंवेगळी ‘जात असलेली’ वाट सापडत नाही. नागार्जुन येथून शून्यतेकडे जातो. जैन विचारवंत त्याच टोकावरून नेमके उलटे वळतात: मध्ये काही नसेल तर जात असलेले हे गेलेलेच आहे.

हे वळण घेता येते ते काळाच्या अविभाज्य कणावर, ‘समया’वर, जैनांची श्रद्धा असल्यामुळे. समयाला भाग नाहीत. म्हणून त्यात आरंभ आणि शेवट वेगळे काढता येत नाहीत. जयपूर शहर १७२७ मध्ये वसवणाऱ्या सवाई जयसिंहाच्या दरबारात हीच कल्पना वेगळ्या वाटेने संस्कृतात आली होती. महाराष्ट्रीय मानले जाणारे पंडित जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडच्या भूमितीचे अरबीवरून ‘रेखागणित’ नावाने संस्कृत भाषांतर केले. त्या भूमितीचा प्रारंभच भाग नसलेल्या बिंदूपासून होतो. जंतरमंतरमधल्या सुमारे २७ मीटर उंच सम्राटयंत्राची सावली मात्र थांबून बिंदू दाखवत नाही. ती सेकंदाला साधारण मिलिमीटरभर सरकते आणि यंत्र दोन सेकंदांपर्यंतचा वेळ सांगते. त्याखाली समय मोजता येत नाही, मानावा लागतो. इंग्रजीत ‘ॲट नून’ म्हणताना दुपारचे बारा हे बिंदूच धरलेले असतात, ‘इन द मॉर्निंग’ म्हणताना सकाळ हे पोट असलेले भांडे होते. सावलीला हा फरक माहीत नसतो.

जयपूरच्या दिगंबर पंडितांच्या ग्रंथांत जमालीची कथा नाही, कारण ते श्वेतांबर आगम प्रमाण मानत नाहीत. प्रश्न मात्र तेथे आहे, आणि त्याचे उत्तर जास्त शांत आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सात नय, म्हणजे वस्तूकडे पाहण्याच्या सात बाजू, सांगितल्या आहेत. त्यांतील पहिला नैगम. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या टीकेत तो दोन उदाहरणांनी समजावला. कुऱ्हाड घेऊन रानाकडे निघालेल्याला कोठे चाललास विचारले तर तो सांगतो, मापटे आणायला. मापटे तर अजून लाकडातही नाही, झाडात आहे. सरपण आणि पाणी गोळा करणारा विचारल्यावर म्हणतो, भात शिजवतो आहे. पूज्यपाद स्वतः जैनेंद्र व्याकरणाचे कर्ते होते, त्यामुळे क्रियापदाची ही ओढाताण त्यांना नेमकी दिसली यात नवल नाही. पंडित जयचंद छाबडा यांनी जयपुरात १८०४ च्या सुमारास या टीकेवर ढूंढाडी वचनिका लिहिली आणि संस्कृत न जाणणाऱ्या श्रावकांपर्यंत हे मापटे आणि हा भात पोचवला.

दहाव्या शतकातील देवसेनांनी आलापपद्धतीत नैगमाचे काळानुसार तीन प्रकार केले. त्यांतला भूत-नैगम विशेष पाहण्याजोगा आहे. दिवाळीच्या दिवशी श्रावक म्हणतो, आज महावीर मोक्षाला गेले. गेले हे खरे, पण अडीच हजार वर्षांमागे. ‘आज’ कोठून आले? देवसेन म्हणतात, भूतावर वर्तमानाचा आरोप करून बोलण्याची ही एक मान्य रीत आहे. आणि वर्तमान-नैगमात सुरू केलेले पण पुरे न झालेले काम झाले म्हणून सांगितले जाते. दिगंबर मांडणीप्रमाणे ही सारी वाक्ये खोटी नाहीत, मात्र कोणत्या बाजूने खरी ते ओळखावे लागते. महावीरांचे सूत्र श्वेतांबर भाष्यकारांनी निश्चयाच्या, म्हणजे अंतिम सत्याच्या, दृष्टीने खरे मानले, जमालीचे म्हणणे व्यवहाराच्या. जमालीचा दोष त्याने अर्धे अंथरूण अर्धे म्हटले हा नव्हता. आपल्या बाजूलाच सगळे सत्य समजला, हा होता. कथेचा शेवटही तेच सांगतो. आपण सर्वज्ञ झालो असे घोषित करून जमाली चंपा नगरीत येतो, गौतम त्याला लोक शाश्वत की अशाश्वत असे विचारतात, आणि तो निरुत्तर होतो. महावीर सांगतात, एका दृष्टीने शाश्वत, दुसऱ्या दृष्टीने अशाश्वत.

मराठी माणसाला हा नैगम शिकवावा लागत नाही. जेवायला हाक आली की आतून ‘आलो, आलो’ असे उत्तर येते आणि उत्तर देणारा अजून खुर्चीतून उठलेलाही नसतो. बस वळणावर दिसली की ‘आली बस’. जौहरी बाजारातल्या दुकानातला पोऱ्याही चहाला निघताना ‘अभी लाया’ म्हणतो. इंग्रजीला ही मुभा नाही. तेथे अशा वेळी ‘कमिंग’ म्हणावे लागते, ‘आय केम’ म्हटले तर ऐकणारा दाराकडे पाहील. मराठीचा हा भूतकाळ मुळात धातुसाधित विशेषणातून आलेला आहे. काळापेक्षा क्रियेची अवस्था सांगणे हे त्याचे जुने काम. त्याची ल-कारान्त रूपे मराठ्यांच्या तोंडची म्हणून उद्द्योतनसूरींनी ‘कुवलयमाला’त नोंदवली. देणे-घेणे या क्रियांची ती भूतकाळी रूपे आहेत, वर्ष इ.स. ७७९ आणि ठिकाण राजस्थानातील जालोर.

हा वाद केवळ शब्दांचा असता तर संघ फुटला नसता. त्याच्या मुळाशी कर्माचा हिशेब आहे. कर्म झडण्याची क्रिया चालू आहे तेवढ्याने काही झडले की नाही? नसेल, तर साधूची रोजची तपश्चर्या मोक्षाच्या शेवटच्या क्षणापर्यंत शून्य ठरते. पापाच्या बाजूने हा प्रश्न आणखी टोकदार होतो. भगवतीसूत्राच्या पहिल्या ‘शतका’त त्याचे एक विलक्षण उदाहरण आहे. एक शिकारी हरणावर नेम धरून प्रत्यंचा कानापर्यंत ओढून उभा आहे. मागून दुसरा माणूस येऊन तलवारीने त्याचे डोके उडवतो. ओढलेला बाण सुटतो आणि हरीण मरते. हरणाला कोणी मारले? सुटताना बाण धरणारा जिवंत नव्हता, आणि तलवारवाल्याचा हरणाशी काही संबंध नव्हता. महावीर म्हणतात, हरणाचे वैर शिकाऱ्याला लागले, माणसाचे वैर तलवारवाल्याला. कारण तेच: जोडला जात असलेला बाण जोडलेला असतो, सोडला जात असलेला सोडलेला. त्याच संवादात एक मर्यादाही येते. जखमी झालेला जीव सहा महिन्यांच्या आत मेला तर मारणाऱ्याला प्राणघातासह पाच क्रिया लागतात; त्यानंतर मेला तर चार, म्हणजे पीडा दिल्याची लागते, प्राण घेतल्याची नाही.

इंग्लंडच्या कायद्यात याला समांतर नियम शतकानुशतके होता. वार झाल्यापासून एक वर्ष आणि एक दिवस यांच्या आत मृत्यू आला तरच ‘किल्ड’ म्हणता येत असे. १९९६ च्या कायद्याने तो रद्द झाला, कारण यंत्रांच्या आधारे माणूस त्याहून कितीतरी अधिक काळ जगवता येऊ लागला होता. भारतीय न्यायालयांपुढे हा प्रश्न ‘प्रयत्न’ या शब्दाच्या आडून येतो. वसई परिसरात रात्री खाडीच्या काठाशी चांदीच्या लगडी घेऊन थांबलेल्या लोकांना सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पकडले तेव्हा पाण्यावरून यांत्रिक होडीचा आवाज येत होता. चांदी होडीत चढली नव्हती. ही नुसती तयारी, असे म्हणून अपिलात सत्र न्यायालयाने त्यांना सोडले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्यातीचा प्रयत्नच ठरवला. सत्र न्यायालय जमालीच्या बाजूचे निघाले, सर्वोच्च न्यायालय महावीरांच्या जवळचे. पूर्ण जवळचे मात्र नव्हे, कारण न्यायालयाने ‘निर्यात केली’ असे म्हटले नाही.

या सगळ्याची गाठ जयपुरात एका खटल्यात पडली. अंतसमयी अन्नपाणी क्रमाक्रमाने सोडून देह ठेवण्याच्या जैन व्रताला श्वेतांबर संथारा म्हणतात, दिगंबर सल्लेखना. संथारा या शब्दाचा मूळ अर्थ अंथरूण. जमालीने मागितले तेच. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये मराठवाड्यातील कुंथलगिरीला याच रीतीने देह ठेवला. राजस्थानी जैनांच्या बोलण्यात व्रत पुरे झाले की संथारा ‘सीझला’ म्हणतात, म्हणजे भातासारखा शिजला. २००६ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर खंडपीठापुढे एक जनहित याचिका आली: संथारा ही आत्महत्या आहे. जैन बाजूचे म्हणणे होते की आत्महत्येत मरण हा हेतू असतो आणि ते एका कृतीने ओढवून घेतलेले असते. येथे शरीर आधीच साथ सोडत असते आणि व्रती फक्त त्याची आसक्ती सोडतो. १० ऑगस्ट २०१५ रोजी खंडपीठाने याचिका मान्य केली आणि संथाऱ्याला भारतीय दंडविधानाच्या कलम ३०९ खाली, म्हणजे आत्महत्येच्या प्रयत्नाखाली, आणले. साहाय्य करणाऱ्यांना कलम ३०६ खाली.

कलम ३०९ ची रचना या प्रश्नाच्या दृष्टीने जगावेगळी होती. ज्याची क्रिया पुरी झाली त्याला शिक्षा करता येत नाही, कारण तो उरत नाही. अपुरी राहिली तरच गुन्हा. मरत असलेल्याला मेलेला म्हणायचे नाही, पण त्याला दोषी मात्र म्हणायचे, असा तो हिशेब होता. संथारा घेतलेल्या व्यक्तीला हे लावायचे तर व्रताच्या कोणत्या दिवशी प्रयत्न सुरू झाला, हे ठरवावे लागले असते: संकल्पाच्या दिवशी, अन्न सोडल्याच्या दिवशी, की पाणी सोडल्याच्या? जमाली आणि महावीर यांचा वाद शब्दशः न्यायालयात आला असता. तसे झाले नाही. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जयपूरच्या निकालाला स्थगिती दिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात ३०९ सारखे सर्वसाधारण कलम ठेवलेले नाही.